अंगणातल्या सत्तावीस फरश्या

पंडित बडगुजर सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये कलर किचनला होते. साड्यांवर छापायचा रंग जिथं घोटतात, त्या जागेला तिथं कलर किचन म्हणतात. नाव स्वयंपाकघराचं असलं, तरी तिथलं बोटभर काही पोटात गेलं तर माणूस थेट दवाखान्यात जाईल. सगळे त्यांना आप्पा म्हणत. शेड जुळवण्यात आप्पांचा हात धरणारा त्या खात्यात कोणी नव्हता. शेठ गुजरातीत ओरडत यायचा, कापडाचा तुकडा टेबलावर टाकायचा, आणि आप्पा तो खिडकीपाशी नेऊन सांगायचे, "निळा अर्धा टक्का जास्त झालाय."

त्या खात्यातली जमीन बावीस वर्षांत एकदाही कोरडी झाली नाही. धुतलेल्या ड्रमचं पाणी, सांडलेला रंग, चिकट गोंद, सगळं पायाखाली. संध्याकाळी आप्पा घरी आले, की उंबऱ्यापासून मोरीपर्यंत त्यांची पावलं उमटायची. कधी जांभळी, कधी रामा, कधी मेंदी. मंगलाबाई, म्हणजे त्यांची बायको, ती पावलं पुसता पुसता शेजारणींना सांगायच्या, "औंदा दिवाळीले मेंदी रंग चालणार." आणि तोच चालायचा. शेजारणींना या विद्येचं फार कौतुक होतं. आप्पांना मात्र एकच वाटायचं, की आपलंही असं एक अंगण असावं, जिथं पाय टाकला तर पायाला काही लागणार नाही आणि पायाचंही कशाला काही लागणार नाही.

ब्याण्णव साली त्यांनी डिंडोलीत प्लॉट घेतला. पुढच्या वर्षी दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर पत्रे, बाहेरून भिंतींना गिलावा नाही. पण समोर बारा फूट रुंद आणि चौदा फूट लांब अंगण सुटलं होतं. त्यात कढीपत्ता कुठं लावायचा, मोगरा कुठं आणि तुळस कुठं, हे मंगलाबाईंनी पाया खोदायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"फाटकापासून ओट्यापर्यंत फरशीची वाट करायची," आप्पा म्हणाले. "कोटा. दीड फूट बाय दीड फूट. तीन ओळी, नऊ-नऊच्या."

"आधी भितले पलस्तर तं करा!" मंगलाबाई म्हणाल्या. घरात वाद निघाला, की दोघं अहिराणीवर यायचे.

"भितवर कोन पाय ठेवस?" आप्पांनी विचारलं, आणि विषय संपला.

उधना-मगदल्ला रस्त्यावर दगडांच्या वखारी होत्या. त्यातल्या एका वखारीचा मालक भंवरलाल नावाचा मारवाडी होता. आप्पा सुट्टीच्या दिवशी तिथं जायला लागले. बरोबर पाण्याची बाटली आणि एक रुपयाचं नाणं. उभ्या ठेवलेल्या फरश्यांमधून एक ओढायची, नाण्यानं ठोकायची. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आत चीर. मग तिच्यावर पाणी टाकायचं, कारण कोटा कोरडा असताना राखाडी दिसतो आणि ओला झाला की हिरवट, आणि ओला रंग एकेका फरशीचा वेगळा. मग ती वाळेपर्यंत थांबायचं. मग दुसरी.

भंवरलालनं पहिले दोन महिने चहा पाजला. तिसऱ्या महिन्यात त्याचा धीर सुटला. "काका, ये पत्थर है, साडी नहीं है. मॅचिंग क्या देखते हो?"

"एका लॉटचा शेड दुसऱ्या लॉटला लागत नाही, शेठ."

"तो पॉलिशवाला ले जाओ ना. काच जैसा चमकेगा. सब एक जैसा दिखेगा."

आप्पांनी नाही म्हटलं. गुळगुळीत जमिनीवर पाणी पडलं की काय होतं, हे त्यांनी खात्यात पाहिलं होतं. रंगाची बादली घेतलेला माणूस घसरला, की माणूस एकीकडं, बादली दुसरीकडं आणि रंग सगळीकडं. बागेत, पावसाखाली पॉलिश घालणं हा शहाणपणा नव्हे. त्यांना खरबरीतच हवी होती, हातानं घडवलेल्या कडांची, जिच्यावर ओला पाय ठरेल अशी.

वर्षभरानं त्यांच्या तीस फरश्या निवडून झाल्या. सत्तावीस लावायला आणि तीन पुढं कधी फुटली तर. भंवरलालनं त्या लारीवर स्वतःच्या हातानं चढवल्या. दगड विकल्याचा आनंद त्याला नेहमीच व्हायचा. गिऱ्हाईक गेल्याचा आनंद त्या दिवशी पहिल्यांदा झाला असावा.

बसवायला गणपत मिस्त्री आला. परभणीकडचा हा माणूस सुरतेत पंधरा वर्षं बांधकामावर होता. त्यानं अंगणात सब्बल मारली, वर आलेलं ढेकूळ मुठीत चुरगळलं आणि मान हलवली.

"मालक, काळी माती हाय ही. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती. हिच्यावर फरशी टाकली तर दोन वर्षांत समद्या फरश्या नाचत्याल."

"मग?"

"दीड फूट खोदून माती भायेर काढा. मुरूम भरा, खडी भरा, धुम्मस करा. आन् एक पावसाळा तसंच ऱ्हाऊ द्या. जे बसायचं ते बसंल. मग वर तापीची रेती आन् माल."

आप्पांना हा माणूस एकदम पटला. कोणतंही काम आणखी उशिरा करायला सांगणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात खड्डा भरून घेतला आणि फरश्या घरात आल्या. बाहेर ठेवल्या तर गल्लीतली पोरं त्यांवर खडूनं स्टंप काढतील, ही आप्पांची भीती. तो अख्खा पावसाळा तीस फरश्या पलंगाच्या मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या, मध्ये गोणपाटाचे तुकडे घालून. मुलगी नूतन तेव्हा अकरावीत होती. तिचं पुस्तकांचं टेबल फरश्यांना जागा करून द्यायला ओट्यावर गेलं. ती पावसाची झड चुकवत ओट्यावर अभ्यास करायची आणि आई-बापांनाच नव्हे, तर दगडांनाही आपल्यापेक्षा आत जागा आहे, असं मैत्रिणींना गुजरातीतून सांगून हसवायची.

गणपती उठले आणि मिस्त्री परत आला. त्यानं नळीत पाणी भरून लेव्हल काढली, दोरी बांधली. आप्पांनी प्रत्येक फरशीच्या पाठीवर खडूनं नंबर घातला होता. फाटकाशी सगळ्यात फिकी, ओट्याशी सगळ्यात गडद, आणि मधला फरक डोळ्याला कळू नये असा. मिस्त्रीनं तो क्रम पाळला. फक्त एका गोष्टीवर दोघांचं वाजलं. आप्पांना फरशी सपाट हवी होती, तळहातासारखी. मिस्त्रीनं झाडांच्या बाजूला इंचभर ढाळ दिला.

"वाकडी दिसते."

"दिसू द्या. सपाट ठिवली तर पाणी कुठं जाणार? तुमच्या घरात?"

तीन दिवसांत सत्तावीस फरश्या बसल्या. मिस्त्रीनं सांधे भरले, काठीनं एकेक फरशी ठोकून पोकळ कुठं वाजते का पाहिलं, आणि जाताना बजावलं, "धा दिवस पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ. वर गोणपाट वलं ठिवायचं. कुणी पाय ठिवायचा नाही. आन् ॲसिड कधीबी घालू नका, कोट्याला ॲसिड खातं."

पाणी मारायला लागल्यापासून चौथ्या दिवशी सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली.

आधी कुजबुज झाली, मग पांडेसऱ्यातल्या मिला बंद पडल्या, मग औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीनच्या गोळ्या संपल्या. दुसऱ्याच दिवशी गल्ली रिकामी व्हायला लागली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं पेट्या डोक्यावर घेऊन उधना स्टेशनाकडं पळत होती. भुसावळकडं जाणाऱ्या गाडीत शिरायला मिळालं तरी नशीब, अशी गत. मंगलाबाईंनी दोन पिशव्या भरल्या, नूतनला तयार केलं आणि बाहेर आल्या. आप्पा उकिडवे बसून तांब्यानं गोणपाटावर पाणी घालत होते.

"आख्खं सुरत पळी ऱ्हायनं, आनि तुम्ही दगडले पानी पाजी ऱ्हायनात!"

"दहा दिवस सांगेल शेतस. आज पाचवा शे. मधीच सोडं तं सांधा फाटतीन."

"आनि तुमले काही व्हयनं तं?"

आप्पांनी रिकाम्या गल्लीकडं हात केला. "आठे कोनी ऱ्हायनंच नही, तं माले रोग कोन दी?"

मंगलाबाईंची गाडीची वेळ झाली होती. त्यांनी डोळे पुसले, चुलीजवळ तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या ठेवल्या आणि नूतनला घेऊन चोपड्याला भावाकडं गेल्या. जाताना फरशीवर पाय पडू नये म्हणून दोघी कडेच्या चिखलातून गेल्या. रागातसुद्धा त्यांना तेवढं भान राहिलं, याचं आप्पांना बरं वाटलं.

शेजारच्या इंदुबाईंनी पळताना किल्ली आप्पांच्या हातात कोंबली. त्यांचं पाहून आणखी चार घरांनी कोंबल्या. आप्पांना नको होत्या. पण हात ओले होते, आणि नाही म्हणायला लोक थांबत नव्हते.

पुढचे दिवस आप्पांच्या आयुष्यातले सगळ्यात निवांत दिवस होते, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मिल बंद. गल्लीत आवाज नाही. फरशीवर पाय ठेवायला कोणी नाही. सकाळी सात बादल्या, संध्याकाळी सात बादल्या. मन घाबरायचं नाही असं नाही. खोकला आला की ते स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहायचे, आणि मग उठून पाणी मारायचे. बादलीत पाणी उरायचं. उरलेलं पाणी ओतून द्यायचं जिवावर यायचं, म्हणून ते इंदुबाईंच्या तुळशीला घालायचे, मग पलीकडच्या घरच्या, मग त्याच्या पलीकडच्या. एका घरात बांधलेली शेळी राहून गेली होती. तिलाही पाणी आणि कढीपत्त्याचे डहाळे मिळाले. एकदा औषधाची पावडर मारणारी दोन माणसं आली. आप्पांनी त्यांना फाटकातच अडवलं. पावडर सांध्यात बसली तर पांढरे डाग राहतील म्हणाले. त्या माणसांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग एकमेकांकडं पाहिलं आणि गटारीवर पावडर मारून ती निघून गेली.

दहाव्या दिवशी आप्पांनी गोणपाटं उचलली. एकही सांधा फाटला नव्हता. त्यांनी पाय धुतले, पुसले, आणि फाटकापासून ओट्यापर्यंत अनवाणी चालत गेले. मग परत फाटकाकडं आले. पाहायला कोणी नव्हतं, म्हणून असं बऱ्याचदा केलं.

दसऱ्याच्या आसपास लोक परतले. इंदुबाई आल्या तेव्हा त्यांची तुळस हिरवीगार होती, घराला कुलूप तसंच होतं. त्या दारातच रडायला लागल्या. "आप्पांनी जीव धोक्यात घालून गल्ली राखली!" शेळीवाल्यानं तर आप्पांचे पायच धरले. दिवाळीच्या आधी सोसायटीनं सत्कार ठेवला. भाषण धुडकूतात्या चौधरींनी केलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि प्लेगची बातमी आली त्या दिवशी दुपारच्या गाडीनं, म्हणजे सगळ्यांच्या आधी, आपल्या गावी पाळध्याला पोचले होते.

"ज्या वेळी भले भले पळाले," तात्या गहिवरून म्हणाले, "त्या वेळी हा एक माणूस पाय रोवून उभा राहिला!"

आप्पांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते माइकपाशी गेले आणि खरं तेच बोलले. "मी काही कोणासाठी थांबलो नव्हतो. मी माझ्या फरश्यांना पाणी मारत होतो."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा!" तात्या ओरडले. "याला म्हणतात मोठं मन! एवढं करून म्हणतो, काही केलं नाही!"

मंगलाबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला. इंदुबाईंना वाटलं, त्या रडताहेत.

या मोठेपणाची किंमत फरश्यांना भरावी लागली. आता गल्लीत कोणाचं भांडण झालं, की ते आप्पांच्या अंगणात यायचं. रेशन कार्डाचा अर्ज, नळाची तक्रार, पळून गेलेली सून, सगळं आप्पांसमोर. आणि येणारा माणूस डिंडोलीच्या रस्त्यावरून यायचा, म्हणजे घोट्यापर्यंत चिखल घेऊन. आप्पांनी फाटकाबाहेर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात.' लोकांना ते आवडलं. देवळासारखं वाटतं, म्हणाले. आप्पांनी बादली आणि तांब्या ठेवला. लोक भक्तिभावानं पाय धुऊन आत येऊ लागले आणि ओले पाय फरशीवर ठेवू लागले, ज्यांचे डाग चिखलाहून वाईट.

दर आठवड्याला आप्पा काथ्याचा ब्रश घेऊन बसायचे. श्रावणात झाडांच्या कडेनं शेवाळ धरायचं, ते खरवडायचं. मुंग्या सांध्यातून रेती वर काढून छोटे डोंगर रचायच्या. तिथं सिमेंटचा घोळ भरायचा. दुसऱ्या पावसाळ्यात चौदा नंबरची फरशी डुगडुगायला लागली. आप्पांनी ती सब्बलीनं उचलली, खालची रेती सारखी केली, परत बसवली आणि लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकली. काठीनं वाजवून पाहिली. मिस्त्रीनं पाहिलं असतं तर त्याला काही बोलता आलं नसतं.

"मोगऱ्याले इतला जीव लावता तं बाग व्हती आठे," मंगलाबाई म्हणायच्या. बाग खरंच मागं राहिली होती. जास्वंदीची पानं फरशीवर गळतात म्हणून ती छाटली जायची, मोगऱ्याचं आळं फरशीकडं ओल सोडतं म्हणून मागं सरकायचं. पण फरशीची वाट पाहण्यासारखी होती. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत.

सत्त्याण्णवच्या चैत्रात नूतनचं लग्न ठरलं. मुलगा नंदुरबारचा, साखर कारखान्यात कारकून. लग्न सुरतेतच. आप्पांनी मांडवाचं, जेवणाचं, बँडवाल्याचं, सगळं बायकोवर सोडलं आणि एकाच गोष्टीत लक्ष घातलं.

"हळद कॉमन प्लॉटवर करू. मोकळी जागा आहे."

"घरची हळद घरच्या दारात लागते, आप्पा," इंदुबाई म्हणाल्या. "एवढी चांगली फरशी कशाला केली मग?"

हळदीच्या दिवशी सकाळपासून अंगणात पंचवीस बायका. पाट मांडला, नूतन बसली. आप्पा ओट्यावर खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांची नजर मुलीच्या तोंडावरून फरशीवर आणि फरशीवरून मुलीच्या तोंडावर जात होती. तेलात कालवलेली हळद. आधी थेंब पडले. मग बायका एकमेकींना लावायला लागल्या. मग पळापळी. शेवटी कोणाच्या तरी पायानं पितळी वाटी उलटली आणि ओट्यालगत सत्तावीस नंबरच्या फरशीवर तव्याएवढा पिवळा डाग पसरला. बायका खिदळल्या. नूतनही हसली, डोळे मिटून, कारण पापण्यांवर हळद होती. आप्पांनीही हसायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, संध्याकाळी नूतन गेली. पाहुणे पांगल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी, आप्पांनी मांडवाचा कचरा झाडला आणि फरशीकडं नीट पाहिलं. आठ फरश्या पिवळ्या. त्यांनी धुण्याचा सोडा पाण्यात कालवला, ब्रश घेतला आणि सगळा जीव एकवटून घासायला सुरुवात केली.

फरशी लाल झाली.

लाल म्हणजे कुंकवासारखी लाल. जितकं घासावं तितकी लाल. आप्पा ब्रश हातात धरून तसेच बसून राहिले. मंगलाबाई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं आणि लग्नाच्या दिवसांत दाबून ठेवलेलं सगळं हसू त्यांना एकदम आलं.

"बावीस वरीस रंगमा काढात! हयदले सोडा लावा तं कुंकू व्हस, हाई तं आम्हले बी माहीत शे!"

आप्पांना माहीत नव्हतं असं नाही. हळदीला खार लागला की ती लाल होते, हे ते कलर किचनमध्ये नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचे. स्वतःच्या अंगणात आल्यावर मात्र विसरले. त्यांनी बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं, तेव्हा लाल पुन्हा पिवळं झालं. लिंबू चोळावं तर दगडाला आंबट खातं. मग त्यांना नव्या पोरांना शिकवायचा दुसरा धडा आठवला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. काही करायची गरजच नव्हती. चैत्राचं ऊन होतं, मांडव निघाला होता, आणि हळद आपली आपण उडणार होती.

तसंच झालं. आप्पा रोज कामावरून आले, की वाकून बघायचे आणि मनात आकडा धरायचे. आज साठ टक्के. आज चाळीस. फाटकाकडच्या फरश्या आठ दिवसांत स्वच्छ झाल्या. मधल्या दहा दिवसांत. फक्त ओट्यालगतचा तव्याएवढा डाग पत्र्याच्या सावलीत होता. त्याच्यावर ऊन दुपारी तासभरच यायचं. तो हळूहळू जात होता.

बाराव्या दिवशी आप्पांनी आकडा धरला, पंचवीस टक्के, आणि आत जाऊन बसले. घरात काही आवाज नव्हता. ओट्यावरचं नूतनचं टेबल रिकामं होतं. त्यांनी चहा घेतला, परत बाहेर आले, आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचलून त्या डागावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाईंनी झाडताना ते उचललं. खाली पाहिलं. मग गोणपाट झटकलं आणि होतं तसंच, कड न् कड जुळवून, परत टाकलं. इंदुबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "फरशी हालस ती. पाय ठेवू नको."

लग्नाला तीन आठवडे होत नाहीत तोच आखाजी आली. खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. नूतन एकटीच गाडीत बसून आली. जावई चार दिवसांनी न्यायला येणार होते. तिच्या बांगड्यांचा आवाज सकाळपासून घरात फिरू लागला. आप्पा कामावर गेले ते खुशीत. खात्यात त्यांनी त्या दिवशी एका ड्रमात निळा दोनदा टाकला आणि कोणावर ओरडलेही नाहीत.

इकडं मंगलाबाई खापरावर पुरणपोळ्या करायला मागच्या बाजूला बसल्या होत्या. नूतननं घर झाडलं, ओटा झाडला, अंगणात आली. गोणपाट दिसलं. तिनं उचललं.

संध्याकाळी आप्पा फाटकातून आत आले, तेव्हा ती ओट्यावर पाय सोडून बसली होती. हाताला विटेची भुकटी, केस विस्कटलेले, चेहरा घामानं चमकत होता.

"बाबा, डोळे मिटा. आता उघडा!"

सत्तावीस नंबरची फरशी ओली होती आणि हिरवट राखाडी. तिच्यावर काहीही नव्हतं.

"दुपारभर घासलं. सोडा नाही हं लावला, आईनं तुमची गंमत सांगितली मला. आधी घासलेटचा बोळा फिरवला, मग विटेच्या तुकड्यानं घासलं. माझ्यामुळं तुमची फरशी खराब झाली आणि तुम्ही बिचारे झाकून ठेवत होतात. कोणी पाहू नये म्हणून ना?"

मंगलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात पीठ. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

आप्पा वाकले. फरशीवरून बोटं फिरवली, जशी कापडावरून फिरवायचे. तिरपं होऊन, उजेडाकडून पाहिलं.

"छान निघालाय," ते म्हणाले. "कोणाला सांगून खरं वाटणार नाही."

"मग! मुलगी कोणाची आहे?"

रात्रीच्या जेवणाला मंगलाबाईंनी आप्पांच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा तूप वाढलं. आप्पांनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि पुरण चांगलं झालंय म्हणाले.

चौथ्या दिवशी जावई आले. पाहुणचार झाला, आणि आप्पा दोघांना सोडायला उधना स्टेशनवर गेले. पिशव्या त्यांनीच उचलल्या होत्या. एकीत कुरडया-पापड, दुसरीत मोगऱ्याची एक कुंडी, मंगलाबाईंनी मडक्यात रुजवलेली. फलाटावर गर्दी होती. नूतन खिडकीशी बसली आणि नवऱ्याला हसत म्हणाली, "आमच्या बाबांना ना, त्यांच्या फरशीपुढं कोणी दिसत नाही. प्लेगमध्येसुद्धा आम्हाला पाठवलं आणि स्वतः तिच्याजवळ राहिले."

जावई मोठ्यानं हसले. नवीन होते, सासऱ्यावर हसावं की नाही हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी लगेच हसू आवरलं.

"खरं आहे," आप्पा म्हणाले. "तसंच आहे ते."

त्यांनी कुंडीची पिशवी खिडकीतून आत दिली आणि ती सरळ धरायला सांगितली. गाडी हलल्यावरही ते दोन पावलं बरोबर चालले, पिशवी आडवी तर झाली नाही ना, हे बघत.